देहाचें माप

नीतिशास्त्र शिकविण्याचा धंदा ज्यानें पतकरला आहे त्याला लोक नीतीचे प्रश्न सहसा विचारीत नाहींत, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. परीक्षेला काय येईल हें विचारतात, नोकरीसाठीं शिफारसपत्र मागतात, क्वचित् एखादे पालक मुलाच्या लग्नासंबंधीं सल्ला घेण्यास येतात. परंतु ‘मी करतों आहें हें योग्य कीं अयोग्य?’ असा सरळ प्रश्न घेऊन कोणी माझ्या दारीं आल्याचें मला फारसें आठवत नाहीं. म्हणूनच गेल्या श्रावणांत एका रविवारीं संध्याकाळीं माझा एक जुना विद्यार्थी दहिसरास माझ्या घरीं आला, आणि चहा होईपर्यंत इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर त्यानें जो प्रश्न पुढें ठेवला, त्यानें मी कांहींसा गोंधळून गेलों. प्रश्न असा होता कीं, स्वतःच्या छातीवरील एका वर्तुळाचा व्यास कमी करून घेण्यासाठीं शस्त्रक्रिया करवून घेणें हा मूर्खपणा आहे काय?

विषय ऐकून कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील हें मी जाणून आहें. माझ्याहि चढल्या होत्या. परंतु ज्या गोष्टीमुळें एखाद्या माणसाचीं दहा-बारा वर्षें कुढण्यांत जातात ती गोष्ट क्षुद्र आहे असें म्हणण्याचा अधिकार ज्यानें तीं वर्षें काढलीं नाहींत त्याला कितपत आहे, हाच मुळीं ह्या लेखाचा विषय आहे.

हा तरुण आज सव्वीस वर्षांचा आहे; अंधेरीस एका कचेरींत हिशेबाचें काम करतो. तेराव्या-चौदाव्या वर्षीं त्याच्या छातीवर स्त्रीसारखी वाढ झाली, आणि ती पुढें ओसरली नाहीं. पगारांतून शिल्लक टाकून व थोडें कर्ज काढून त्यानें गेल्या फाल्गुनांत शस्त्रक्रिया करून घेतली. ती चांगली झाली. छाती सपाट झाली. परंतु स्तनाग्राभोवतालचें सांवळें वर्तुळ, ज्याला वैद्यकाच्या पुस्तकांत स्तनमंडल म्हणतात, तें त्याच्या मतें अजून मोठेंच राहिलें आहे. शस्त्रक्रियेपूर्वीं तें साडेचार सेंटिमीटर होतें. आतां पावणेचारांच्या आसपास आहे. रोज सकाळीं स्नान झाल्यावर तो मोजपट्टी लावतो आणि तो आंकडा मोबाइलांत टिपून ठेवतो. सर्जन म्हणतात, वर्षभर थांब. वडील म्हणतात, तुला वेड लागलें आहे. म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मीं जें पहिलें उत्तर दिलें तें नीतिशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभणारें नव्हतें. मी म्हणालों, “अरे, शर्टाच्या आंत कोण बघतो?”

तो थोडा थांबला आणि म्हणाला, “सर, मी बघतों.”

ह्या दोन शब्दांना माझ्याजवळ त्या वेळीं उत्तर नव्हतें. पुष्कळसें आजहि नाहीं. तथापि त्या संध्याकाळपासून हा विषय माझ्या डोक्यांत घोळत राहिला, आणि जमलें तेवढें वाचून व विचारून मीं जो कांहीं विचार केला तो येथें मांडीत आहें.

प्रथम वस्तुस्थिति काय आहे तें पाहूं. पुरुषाच्या छातींतहि स्तनग्रंथीचा एक लहानसा अंश जन्मतःच असतो. तो वाढावा कीं निद्रिस्त राहावा हें शरीरांतील दोन प्रकारच्या अंतःस्रावांच्या तोलावर अवलंबून असतें. वयांत येतांना हा तोल कांहीं काळ ढळतो. पुष्कळ मुलांच्या, कांहीं पाहण्यांप्रमाणें तर निम्म्याहून अधिक मुलांच्या, छातींत ह्या वयांत थोडीबहुत गांठ धरते, आणि दोन-एक वर्षांत आपोआप विरघळते. थोड्यांची तशीच राहते. प्रौढपणीं यकृताच्या विकारानें, कांहीं औषधांनीं, अथवा जन्मजात कारणांनींहि असें होतें. ह्याला पाश्चात्त्य वैद्यकांत ‘गायनेकोमॅस्टिया’ असें ग्रीक नांव आहे. दुसऱ्या शतकांतील गॅलन ह्या वैद्यापासून तें चालत आलें आहे. म्हणजे हा विकार आजच्या तरुणांच्या लाडांतून निघालेला नव्हे. आणि येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. केवळ मेद सांठून छाती फुगली असेल तर ती व्यायामानें व मिताहारानें कमी होऊं शकते. परंतु ग्रंथि वाढून टणक झाली असेल तर कितीहि जोर-बैठका काढल्या तरी ती हटत नाहीं. उलट आजूबाजूचा मेद झडल्यामुळें ती अधिकच उठून दिसते.

हा भेद आपल्याकडील वडील मंडळींस माहीत नसतो. अ‍ॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत म्हटलें आहे कीं, जो जन्मतः कुरूप आहे त्याला कोणी दोष देत नाहीं, पण जो व्यायामाच्या व काळजीच्या अभावीं कुरूप झाला त्याला दोष देतात. तत्त्व म्हणून हें ठीक आहे. परंतु दोष देण्यास उत्सुक असलेला समाज पहिल्या वर्गांतील माणसाला खुशाल दुसऱ्या वर्गांत ढकलतो, ह्याचा विचार त्या थोर तत्त्ववेत्त्यानें तेथें केलेला नाहीं. ह्या मुलाला पंधराव्या वर्षापासून घरांत व शेजारांत एकच उपदेश मिळाला: “व्यायाम कर.” त्यानें केला. चार वर्षें तो पहांटे उठून दहिसर पुलापर्यंत धांवत असे. अंग वाळलें, पण ग्रंथि होती तेथेंच राहिली. आणि लोकांस वाटलें कीं हा आळशी आहे.

आतां त्या वर्तुळाविषयीं. खालची ग्रंथि जसजशी वाढते तसतसें वरील कातडें ताणलें जातें, आणि त्याबरोबर तें सांवळें मंडलहि रुंदावतें. सामान्य पुरुषांत त्याचा व्यास अडीच ते तीन सेंटिमीटरांच्या आसपास असतो, परंतु माणसागणिक त्यांत बराच फरक असतो. शस्त्रवैद्य त्याच मंडलाच्या खालच्या कडेनें, जेथें सांवळा रंग संपून अंगाचा रंग सुरू होतो त्या सीमेवर, अर्धचंद्राकृति छेद घेतो. जेरोम वेब्स्टर ह्या अमेरिकन सर्जननें १९४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळें हा अर्धवर्तुळाकार छेद रूढ झाला. दोन रंगांच्या संधीवर व्रण लपून जातो, ही त्यांतील खुबी. ग्रंथि काढल्यावर कातड्याखालील ताण नाहींसा होतो, आणि मग कातडें आपण होऊन आंखडूं लागतें. मंडलहि लहान होत जातें. तरुणाचें कातडें अधिक आंखडतें, वय झालेल्याचें कमी. मूळ मंडल फार मोठें असेल तर घटहि अधिक दिसते, पण तें अगदीं सरासरीवर येईलच असें नाहीं. बरीचशी घट पहिल्या कांहीं महिन्यांत होते, आणि सूज व व्रण पुरते निवण्यास वर्ष लागतें. म्हणून जाणते सर्जन मंडलाला घाईनें हात लावीत नाहींत. सभोंवार गोल छेद घेऊन तें लहान करतां येतें खरें. परंतु त्या छेदाचा व्रण ताणानें पसरूं शकतो, आणि लहान केलेलें मंडल पुनः रुंदावूं शकतें. शिवाय एक गंमतीची गोष्ट अशी कीं, ह्या मंडलांत बारीक स्नायुतंतु असतात. थंडीनें किंवा स्पर्शानें तें आंखडतें, उकाड्यानें सैल पडतें. म्हणजे माझा विद्यार्थी रोज मोजीत होता ती वस्तु सकाळीं एक आणि दुपारीं दुसरी होती. हें मीं त्याला पुढें सांगितलें, तेव्हां तो पहिल्यांदा हंसला.

ह्या सगळ्या माहितीनें नीतीचा प्रश्न मात्र सुटत नाहीं. तो सोडविण्यापूर्वीं मला एक कबुली देणें भाग आहे.

१९८१-८२ च्या सुमारास मी अकरा-बारा वर्षांचा असेन. तुळशी तलावाच्या बाजूनें डोंगरांतून उतरणारी दहिसरची नदी तेव्हां नदी होती. आज तिच्यांत तबेल्यांचें शेण आणि शहराचा कचरा वाहतो, आणि पावसाळ्यांत ती अंगावर येते तेव्हांच लोकांना तिची आठवण होते. परंतु त्या काळीं सुटींत आम्ही पोरें तिच्या एका डोहांत दुपारभर डुंबत असूं. आमच्यांत एक मुलगा होता. अभ्यासांत हुशार, पोहण्यांत आम्हां सर्वांहून तरबेज. त्या वर्षीं त्याची छाती भरूं लागली. आम्हीं त्याला एका मुलीचें नांव ठेवलें. तें कोणी ठेवलें हें मला पक्कें आठवतें, कारण तें मींच ठेवलें होतें. महिन्याभरांत त्या नांवाशिवाय त्याला कोणी हांक मारीनासें झालें. प्रथम तो अंगांत बनियन ठेवून पाण्यांत उतरूं लागला, पुढें शर्टासकट, आणि नंतर येईनासा झाला. आम्हांला त्याची खंत वाटली नाहीं. डोहांत गर्दी तेवढी कमी झाली.

त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं मीं त्याला पुनः पाहिलें तें वाळकेश्वरास, बाणगंगेच्या पायऱ्यांवर, त्याच्या वडिलांच्या दहाव्याच्या विधीला. आपल्याकडे अशा प्रसंगीं पुरुषाला उघड्या अंगानें बसावें लागतें. मुंज, लग्नांतील होम, सोंवळ्यांतली पूजा, बापाचा अंत्यविधि, ह्यांपैकीं प्रत्येक ठिकाणीं पुरुषाची छाती उघडी पडते. स्त्रीच्या अंगाविषयीं आपण जितके झांकूनपाकून बोलतों तितकेच पुरुषाच्या अंगाविषयीं बेफिकीर आहों, आणि पुरुषाला लाजण्यासारखें कांहीं असूं शकतें हें आपल्या ध्यानींमनींहि नसतें. तो उपरणें घट्ट लपेटून बसला होता. पिंड ठेवतांना दोन्ही हात लागत. तरी तो एका हातानें उपरण्याचें टोंक छातीशीं धरून दुसऱ्या हातानें सर्व करीत होता. गुरुजी दोनदां म्हणाले, “दोन्ही हात लावा.” त्यानें लावले नाहींत. बापासाठीं शोक करण्याची ती घटका. त्याहि घटकेला त्याचें अर्धें लक्ष आम्हीं, नव्हे मीं, तीस वर्षांपूर्वीं दिलेल्या नांवाकडे होतें. विधि संपल्यावर तो माझ्याशीं चांगला बोलला. मी त्या गोष्टीविषयीं एक अक्षर काढूं शकलों नाहीं, आणि त्यानंतर आजतागायत काढलेलें नाहीं.

तेव्हां ‘शर्टाच्या आंत कोण बघतो’ हें वाक्य माझ्या तोंडीं तरी येतां कामा नव्हतें.

आतां मुख्य वादाकडे वळतों. ह्या विषयावर विचारी माणसें जें म्हणतील तें असें: दोष त्या छातींत नाहीं, हंसणाऱ्यांत आहे, मग शस्त्र चालवायचें तें छातीवर कां? समाजाची खोड काढण्याऐवजीं ज्याची थट्टा झाली त्याचेंच अंग कापून घ्यावें, हा न्याय कोठला? ह्या म्हणण्याला थोर आधारहि आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथांत, स्त्रियांनीं उघड्यावर व्यायाम करावा कीं नाहीं ह्या चर्चेंत, सॉक्रेटीस सांगतो कीं, पुरुषांनीं वस्त्रांवांचून व्यायाम करणें हेंहि एकेकाळीं ग्रीकांना हास्यास्पद वाटत असे; प्रथम क्रीट बेटांतील व मग स्पार्टाच्या लोकांनीं तें सुरू केलें तेव्हां विनोदी लोकांनीं त्यांची टर उडविली; पुढें संवय झाली आणि हंसूं मावळलें. जें वाईट नाहीं त्याला हंसणारा स्वतःच मूर्ख ठरतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष मला सर्वस्वीं मान्य आहे.

शिवाय ह्या थट्टेचें पोट फोडून पाहिलें तर आंत काय निघतें? त्या मुलाला आम्हीं लंगडा म्हटलें नाहीं, काळा म्हटलें नाहीं; मुलगी म्हटलें. म्हणजे मुलगी असणें ही शिवी आहे असें आमच्या मनांत पक्कें होतें. सातव्या शतकांतील एजायना बेटाचा पॉल नांवाचा ग्रीक वैद्य ह्या शस्त्रक्रियेचें वर्णन करतो: स्तनाखालीं चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, मेद काढावा, टांके घालावे, स्तन फार मोठा असेल तर दोन कोरी घेऊन मधलें कातडेंहि काढावें. आणि ही क्रिया कां करावी, तर ह्या व्यंगामुळें बायकीपणाचा बट्टा लागतो म्हणून. वेदना होतात म्हणून नव्हे, ज्वर येतो म्हणून नव्हे. तेराशें वर्षांपूर्वीं त्या वैद्यानें कारण किती प्रामाणिकपणें लिहून ठेवलें आहे! मुंबईच्या बंदरासमोर घारापुरीच्या लेण्यांत, सुमारें सहाव्या शतकांतील, अर्धनारीश्वराची भव्य मूर्ति आहे. उजवें अंग पुरुषाचें, डाव्या अंगावर भरलेला स्तन. शाळेच्या सहलींत आम्ही सर्वजण तिच्यापुढें हात जोडून उभे राहिलों होतों. तो मुलगाहि आमच्याबरोबर होता. दगडांत जें पाहून आम्हीं हात जोडले तेंच डोहाच्या कांठीं पाहून आम्ही खिदळलों, आणि ह्यांत कांहीं विसंगति आहे असें शिक्षकांपैकीं किंवा पालकांपैकीं कोणाच्याहि मनांत आलें नाहीं.

इतकें सारें मान्य करूनहि, ‘दोष समाजाचा आहे, म्हणून तूं सोस’ हा निष्कर्ष मला पटत नाहीं. समाज सुधारावा हें खरें. पण तो सुधारेपर्यंत त्या सुधारणेचा खर्च ह्या एका मुलानें आपल्या तारुण्यांतून कां द्यावा? दुसऱ्याच्या पिशवींतून उदार होणें सोपें असतें. ज्याला सैन्यांत जावयाचें आहे त्या खेड्यांतील तरुणाला भरतीच्या तपासणींत उघड्या छातीनें उभें राहावें लागतें आणि ह्याच कारणावरून परत जावें लागतें. त्याला प्लेटोचा उतारा वाचून दाखवून काय उपयोग? जो स्वखुशीनें म्हणेल कीं, ‘माझें अंग असें आहे, हंसायचें त्यानें हंसावें,’ तो धन्य होय. पण असें धैर्य हें दान आहे. तें कोणाकडून वसूल करतां येत नाहीं.

आणि आपल्याच प्रांताच्या इतिहासांत ह्याला एक मोठा दाखला आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईंत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मनुष्य टिपूच्या हातीं सांपडला. नांवावरून तो पारशी वाटेल, परंतु त्या काळच्या वृत्तांतांत त्याला मराठा शेतकरी म्हटलें आहे. टिपूनें त्याचें नाक व एक हात तोडला. सुमारें बारा महिने तो नाकावांचून राहिला. पुढें पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याला नवें नाक करून दिलें: मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा बनवून तो कपाळावर पसरला, त्याभोंवतीं रेघ ओढून तेवढें कपाळाचें कातडें सोडविलें, आणि तें खालीं वळवून नाकाच्या जागीं बसविलें. मुंबईच्या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनीं ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ मासिकांत ती छापून आली; ती वाचून कार्प्यू नांवाच्या इंग्रज सर्जननें १८१४ सालीं तसाच प्रयोग केला व १८१६ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपांतील आधुनिक रूपशल्याला येथून नवी चालना मिळाली. त्या विटावाल्या कारागिराचें नांव मात्र कोणी टिपून ठेवलें नाहीं, हें आपल्याकडील रीतीला धरूनच झालें.

मला विचारावयाचें आहे तें हें: कावसजीला नाक कशासाठीं हवें होतें? श्वास घेण्यास नाकाची भोकें पुरतात. तुटलेला हात त्याला अधिक उपयोगी होता. तो परत मिळणें शक्य नव्हतें. त्याला नाक हवें होतें तें चारचौघांत तोंड दाखवितां यावें म्हणून. ‘नाक कापणें’ ह्या शब्दांना आपल्या भाषेंत जो अर्थ आहे तो अर्थ त्याला पुसून टाकावयाचा होता. त्याला कोणी छानछोकी म्हटलें नाहीं. अपमान पुसण्यासाठीं अंगावर शस्त्र घेणें योग्य असें एकदां मानलें, कीं तो अपमान सुलतानाच्या तरवारीनें केला कीं पोरांच्या जिभेनें केला, ह्यानें तत्त्वतः फारसा फरक पडत नाहीं.

येथपर्यंत माझी मजल निर्वेध झाली. माझ्या विद्यार्थ्याची पहिली शस्त्रक्रिया योग्य होती, ह्याविषयीं माझ्या मनांत किंतु नाहीं. अडचण आहे ती पुढें, त्या पावणेचार सेंटिमीटरांशीं. कारण आतां त्याला कोणी हंसत नाहीं. छाती सपाट आहे. पोहावयास गेला तरी कोणाची नजर त्या वर्तुळावर जाणार नाहीं, आणि गेली तरी तिला त्यांत कांहीं वावगें दिसणार नाहीं. पहिली शस्त्रक्रिया लोकांच्या नजरेविरुद्ध होती. ही आरशाविरुद्ध आहे. ह्या दोहोंमध्यें रेघ ओढावी, आणि पहिलीला गरज व दुसरीला हौस म्हणून मोकळें व्हावें, असा मला मोह झाला. तशी रेघ ओढून मीं एक टिपणहि लिहिलें होतें.

तें फाडून टाकावें लागलें, तें सुश्रुतामुळें. सुश्रुतसंहितेंत व्रणाच्या उपचारांचे साठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत शोधन, रोपण वगैरे आहेतच. परंतु त्यांतच कृष्णकर्म व पाण्डुकर्म असे दोन आहेत, म्हणजे भरून आलेल्या व्रणाचें कातडें फार पांढरें राहिलें असेल तर तें काळसर करणें, आणि फार काळें असेल तर उजळ करणें. तेथें केंस उगवावे म्हणून रोमसंजनन नांवाचा उपचारहि त्याच यादींत आहे. जखम भरली, पू गेला, माणूस चालूं फिरूं लागला, तरी वैद्याचें काम संपलें असें सुश्रुत मानीत नाहीं. अंगाचा रंग अंगासारखा होईपर्यंत रोगी पुरता बरा झाला नाहीं, अशी त्याची दृष्टि दिसते. दागिन्यांच्या भारानें तुटलेल्या कानाच्या पाळ्या सांधण्याचे त्यानें सांगितलेले पंधरा प्रकार तर प्रसिद्धच आहेत. हौसेनें झालेली इजासुद्धां त्याला हौस म्हणून सोडून द्यावीशी वाटली नाहीं. तेव्हां ‘ही गरज, ही हौस’ ही माझी रेघ जितकी सरळ वाटली तितकी सरळ नाहीं. अ‍ॅडम स्मिथनेंहि आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथांत हेंच निराळ्या बाजूनें सांगितलें आहे: तागाचा सदरा ही जगण्याची गरज नव्हे, ग्रीक व रोमन लोकांचें त्यावांचून उत्तम चाललें, परंतु त्याच्या काळच्या युरोपच्या बहुतेक भागांत साध्या मजुरालाहि तसल्या सदऱ्यावांचून चारचौघांत जाण्याची लाज वाटे, म्हणून तो सदरा गरजच होय.

स्मिथचा मजूर मात्र एक सदरा मिळाला कीं थांबतो. माझा विद्यार्थी थांबेल काय? मला भीति वाटते ती येथें. त्याला आदर्श म्हणून जो आंकडा सांपडला तो होता अठ्ठावीस मिलिमीटर. कोणा सर्जनांनीं शंभर निरोगी पुरुषांचीं मापें घेऊन काढलेली ती सरासरी. शस्त्रवैद्याला ती हवी असते, कारण ज्याचें मंडल नव्यानेंच घडवावयाचें आहे तेथें कोठें तरी आरंभ करावा लागतो. परंतु शंभर माणसांची सरासरी ही त्या शंभरांपैकीं कित्येकांचें माप नसते! माझ्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी बावन्न येते, म्हणून ज्याला अठ्ठेचाळीस मिळाले तो आजारी आहे असें मी म्हणत नाहीं. ज्या कामासाठीं तो आंकडा काढला तें काम बाजूस राहून तो आंकडाच आतां नियम होऊन बसला आहे, आणि मोबाइलांतून घरोघर पोंचला आहे. त्यामागोमाग ‘पूर्वीं’ आणि ‘नंतर’ अशा जोडचित्रांच्या जाहिराती, आणि मासिक हप्त्यांनीं पैसे फेडण्याची सोय. ह्या व्यापाराला मनुष्याचें समाधान परवडणारें नाहीं. छाती झाली कीं वर्तुळ, वर्तुळ झालें कीं व्रण.

परंतु हा दोष व्यापाराचा झाला. त्या मुलाचें काय? मीं पुष्कळ विचार केला, आणि मला असें वाटतें कीं त्याच्या मोजपट्टीच्या मागें छानछोकी मुळींच नाहीं. दहा-बारा वर्षें ज्याच्याकडे लोकांनीं दोष हुडकणाऱ्या नजरेनें पाहिलें, त्यानें ती नजर अखेर स्वतःच्याच डोळ्यांत घेतली. हंसणारे गेले, पण जातांना आपलें काम त्याच्याकडे सोंपवून गेले. बाणगंगेवर उपरणें धरून बसलेल्या माझ्या मित्राला तरी कोण हंसणार होतें? तेथें दुःखांत बुडालेलीं चार माणसें होतीं. ही आंतली नजर जर सर्जनच्या सुरीनें जात असेल, तर एक व्रण ही किंमत मी फार समजणार नाहीं. प्रश्न एवढाच कीं ती जाते काय. आणि ह्याचें उत्तर पुस्तकांत सांपडत नाहीं, कारण कोणाची जाते आणि कोणाची जात नाहीं.

म्हणून त्याला जें सांगितलें तें असें. तुझी इच्छा मूर्खपणाची नाहीं. वडिलांचें म्हणणें खरें नाहीं, आणि त्या दिवशीं मी बोललों तेंहि खरें नव्हतें. पण ज्या वस्तूविषयीं तूं निर्णय घेऊं पाहतोस ती अजून पुरी झालेली नाहीं. कातडें अजून आपलें काम करीत आहे. पहिल्या पांच महिन्यांत पाऊण सेंटिमीटर त्यानें तुला न विचारतां कमी केलें आहे. त्याला वर्ष पुरें करूं दे. तोपर्यंत मोजायचेंच असेल तर महिन्यांतून एकदां, ठरल्या वेळीं, ठरल्या हवेंत मोज. वर्षानंतरहि तुला तें खुपत असेल तर सर्जनला व्रण कसा दिसेल, पसरेल काय, मंडल पुनः रुंदावेल काय हें स्पष्ट विचार, आणि मग तुझें तूं ठरव. आणि मधल्या काळांत एकदां पोहून ये.

शेवटचें वाक्य मीं कां बोललों हें त्याला कळलें नसावें. मीं डोहाची गोष्ट त्याला सांगितली नव्हती.

दिवाळींत तो फराळाला आला. वर्तुळ साडेतीनच्या जरा आंत आलें होतें. पोहावयास गेला होता काय हें मीं विचारलें नाहीं. त्यानेंहि सांगितलें नाहीं. फाल्गुनांत वर्ष पुरें होतें. त्या वेळीं सर्जनला दाखवावयास जावयाचें आहे. वडील बरोबर येण्यास तयार नाहींत. “सर, तुम्ही याल का?” असें त्यानें जातांना चपला घालतां घालतां, माझ्याकडे न पाहतां विचारलें. मीं येतों म्हणून सांगितलें आहे.